दंड भरून बाई घरी गेली, पुढे काय?

अकोल्याहून खामगावच्या रस्त्याने निघाले की पंचवीसेक किलोमीटरवर बाळापूर लागते. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री यांमुळे गावाचे नाव इतिहासात आहे. रोजच्या व्यवहारात मात्र ते तालुक्याचे ठिकाण. तहसील, न्यायालय, पोलीस ठाणे, महामार्गालगतची कापडाची आणि किराण्याची दुकाने, शेगावला जाणाऱ्या-येणाऱ्या भाविकांनी भरलेल्या एसटी गाड्या. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट झाल्यावर या गाड्यांतली बायकांची गर्दी आणखी वाढली. अशा गावांतून वर्तमानपत्राला एक ठरावीक बातमी मिळत असते. साड्या दाखवायला सांगून एक साडी पदराआड सरकवणारी बाई रंगेहाथ पकडली. गाडीत चढताना पर्समधली पोत लंपास झाली, दोन महिला ताब्यात. बेन्टेक्सचे दागिने सोन्याचे सांगून गहाण ठेवणारी महिला गजाआड. बातमी चार ओळींची असते आणि 'पुढील तपास सुरू आहे' यावर संपते. त्या बाईचे पुढे काय झाले, तिने हे का केले आणि ती पुन्हा करणार आहे का, हे कुठे छापून येत नाही, कारण ते कुणी विचारलेलेच नसते. किरकोळ चोरी किंवा फसवणूक पहिल्यांदाच करणाऱ्या बाईला शिक्षा सुनावण्यापूर्वी 'का केलेस?' हा प्रश्न सरकारी यंत्रणेने रीतसर विचारला पाहिजे आणि जे उत्तर येईल त्यानुसार समुपदेशन आणि पुनर्वसन ठरवले पाहिजे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. ही मागणी दयेपोटी केलेली नाही. तसा कायदा या देशात 1958 पासून आहे.

'का' याचे उत्तर एक नसते, आणि इथेच बहुतेकांचा समज चुकतो. गरिबी हे उत्तर सर्वांना आधी सुचते. ते बऱ्याचदा खरे असते, पण ही गरिबी उपाशीपोटीची असण्यापेक्षा हप्त्याची असते. वऱ्हाडातल्या गावोगावी मायक्रोफायनान्स कंपन्यांची गट-कर्जे पोचली आहेत. ठरलेल्या दिवशी वसुलीचा माणूस येतो, गटातल्या सगळ्या बायका एका घरी जमतात आणि एकीचा हप्ता आला नाही तर तो बाकीच्यांनी भरायचा किंवा ती आणेपर्यंत बसून राहायचे, अशी रीत आहे. नोटाबंदीनंतर 2016-17 मध्ये विदर्भातल्या बायका याच वसुलीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरे कर्ज, दुसऱ्याला तिसरे, असे करता करता बाई भिशीच्या पैशाला हात लावते, शेजारणीच्या आधार कार्डावर कर्ज उचलते किंवा खोटी पोत गहाण टाकते. कायद्याच्या भाषेत ही फसवणूक आहे आणि ज्या शेजारणीच्या नावावर कर्ज चढले तिच्या दृष्टीने तर तो विश्वासघातच आहे. पण अशा बाईला 'पुन्हा असे करू नकोस' असे बजावून काय होणार? पुढच्या आठवड्यात वसुलीचा माणूस पुन्हा दारात उभा असतो.

दुसरे उत्तर मनाच्या दुखण्याचे आहे. वस्तूची गरज नसताना, पैसे जवळ असताना, उचलण्याची अनावर ओढ लागणे आणि उचलल्यावर क्षणभर सुटल्यासारखे वाटून लगेच शरमेने खचणे, या विकाराला क्लेप्टोमेनिया म्हणतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेनुसार हा विकार सर्वसामान्य लोकांत 0.3 ते 0.6 टक्के इतकाच आढळतो. दुकानचोरीत पकडल्या गेलेल्यांत मात्र त्याचे प्रमाण 4 ते 24 टक्क्यांपर्यंत जाते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो तिप्पट दिसतो. म्हणजे पकडलेली प्रत्येक बाई या विकाराची नसते, तरी काही नक्की असतात, आणि त्यांना दंड करणे म्हणजे तापाच्या रोग्याला दंड करण्यासारखे आहे. या विकाराच्या जोडीला नैराश्य बहुधा असतेच. उतारवयातल्या काही बायकांत दुकानातून वस्तू उचलणे हे मेंदूच्या ऱ्हासाचे पहिले लक्षण असू शकते. घरच्यांना तोवर काही कळलेलेही नसते. जपानमधल्या तुरुंगांत म्हाताऱ्या बायकांची संख्या मोठी आहे आणि त्यांतल्या बहुतेक जणी चोरीसाठी, तीही बरेचदा दुकानातल्या किरकोळ खाण्यापिण्याच्या वस्तूंच्या चोरीसाठी, आत आहेत. एकटेपण हे तिथले मोठे कारण मानले जाते. तिसरे उत्तर घरातलेच असते. नवरा, दीर, कधी सासू बाईला पुढे करते, कारण बाईवर संशय कमी येतो, तिच्या कडेवर लेकरू असले की आणखी कमी. ती नाही म्हणाली तर मार खाते. तिच्या हातातला माल तिचा नसतो आणि त्याचे पैसेही तिला मिळत नाहीत.

ही तीन उत्तरे वेगळी काढायला फार मोठी विद्या लागत नाही. चांगला समुपदेशक पहिल्या भेटीत उपदेश करत नाही, साधे प्रश्न विचारतो. काय उचलले, कुठून उचलले, त्या दिवशी सकाळपासून घरात काय काय झाले, सोबत कोण होते. त्यातला सर्वांत कामाचा प्रश्न शेवटचा असतो: नंतर त्या वस्तूचे काय केले? विकली असेल तर पैशाच्या अडचणीकडे वळायचे आणि देण्याची यादी करायला बसायचे, कुणाचे किती, कुठल्या वारी. घरी नेऊन वापरली असेल तर घरातल्या उणिवेकडे बघायचे. कपाटाच्या तळाशी, पिशवीवरची किमतीची चिठ्ठीही न काढता तशीच ठेवून दिली असेल, किंवा नदीत टाकून दिली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे. आणि 'ते मला माहीत नाही, त्यांनी घेतली' असे उत्तर आले, तर पुढचे बोलणे चोरीबद्दल राहत नाही, घरातल्या हिंसेबद्दल सुरू होते. तासाभराच्या या बोलण्यातून जे हाती येते ते पोलिसांच्या जबाबात येत नाही, कारण जबाब घटनेचा असतो आणि घटनेआधीच्या सहा महिन्यांना त्यात रकाना नसतो.

आज प्रत्यक्षात काय होते ते पाहा. दुकानात बाई पकडली जाते. आधी चार माणसे जमतात, कुणीतरी मोबाइल काढतो, आणि पोलीस येण्याच्या आत तिचा चेहरा तालुक्यातल्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो. कुठल्याही न्यायालयाने न दिलेली ही शिक्षा सर्वांत लांब चालते. तिची मुले शाळेत ती भोगतात. मग गुन्हा दाखल होतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 303 मध्ये एक चांगली तरतूद आहे: चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे न्यायालय सांगेल ते लोकोपयोगी काम विनामोबदला करायचे. या तरतुदीचे कौतुक झाले ते रास्तच आहे. पण तिचे दार किती अरुंद आहे ते फारसे कुणी बोलत नाही. इमारतीतून, मग ती राहण्याची असो वा माल ठेवण्याची, झालेली चोरी कलम 305 खाली जाते, आणि प्रवासी वाहनातून केलेली चोरीही तिथेच जाते. त्या कलमाला सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे आणि समाजसेवेची तरतूद त्याला जोडलेली नाही. दुकान आणि एसटी ही तर बायकांच्या किरकोळ चोऱ्यांची नेहमीची दोन ठिकाणे. फिर्याद लिहिताना हवालदाराने 303 लिहिले की 305, यावर त्या बाईचे पुढचे आयुष्य ठरते. फसवणुकीच्या कलम 318 लाही समाजसेवेची शिक्षा नाही, मग रक्कम हजार रुपये का असेना.

पुढची गोष्ट वेगाची. वीस हजारांपर्यंतच्या मालाच्या चोरीचा खटला आता संक्षिप्त पद्धतीने चालवायचा असतो. त्यात तीन महिन्यांहून अधिक कैद देता येत नाही. खटले वर्षानुवर्षे रेंगाळू नयेत म्हणून ही सोय आहे आणि ती हवीच होती. पण याच वेगात 'का' हा प्रश्न वाहून जातो. 'गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळी हो' हा सल्ला अशा बायकांना सर्रास दिला जातो. बाईलाही तेच हवे असते. मजुरी बुडते, घरी लेकरे आहेत, नातेवाईक आधीच तोंड फिरवून बसलेत. ती कबुली देते, दंडाची रक्कम पुन्हा कुणाकडून तरी उसनी आणते आणि घरी जाते. कागदावर प्रकरण निकाली निघते. तिच्या डोक्यावरचे कर्ज दंडाइतके वाढलेले असते आणि दोषसिद्धीची नोंद तिच्या नावावर कायमची लागते. उद्या अंगणवाडी मदतनीस किंवा शाळेत स्वयंपाकी म्हणून अर्ज केला आणि चारित्र्य पडताळणी मागितली, की ती नोंद आडवी येते. प्रामाणिक मिळकतीची जी दोन-चार दारे तिला उघडी होती, ती आपणच बंद करतो आणि मग ती पुन्हा पकडली गेली की 'सराईत' म्हणून तिची बातमी छापतो.

याला पर्याय म्हणून जो कायदा आहे तो म्हणजे 1958 चा अपराधी परिविक्षा अधिनियम. ही कल्पना वऱ्हाडाला परकी नाही. वऱ्हाड ज्या मध्यप्रांताला जोडलेला होता, त्या प्रांताने 1936 मध्येच असा कायदा केला होता. 1958 च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात साधी चोरी, इमारतीतली चोरी आणि फसवणूक ही जुन्या दंड संहितेतली कलमे नावानिशी दिली आहेत आणि ती आता नव्या संहितेतल्या जोड-कलमांना धरून वाचायची आहेत. पूर्वी शिक्षा झालेली नसेल तर न्यायालय समज देऊन सोडू शकते. चौथ्या कलमाखाली चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेऊन, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडता येते. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई द्यायला लावता येते. आणि बारावे कलम तर फार मोलाचे आहे: परिविक्षेवर सुटलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. समाजसेवा ही शिक्षाच आहे, त्यामुळे ती भोगली तरी दोषसिद्धी उरते. परिविक्षेत अपात्रतेचा शिक्का पुसला जातो. ज्या बाईला उद्या काम मिळवायचे आहे तिच्यासाठी हा फरक फार मोठा आहे, आणि नव्या संहितेच्या कौतुकात तो झाकला जाऊ नये असे मला वाटते. शिवाय परिविक्षा देता येण्यासारखी असूनही न्यायालयाने दिली नाही, तर त्याची विशेष कारणे निकालपत्रात लिहावी लागतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 361 वे कलम हेच सांगत होते, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 402 वे आहे. थोडक्यात, पहिल्या किरकोळ गुन्ह्याला परिविक्षा हाच नियम असावा आणि ती नाकारणे अपवाद असावा, असा कायद्याचा रोख आहे. व्यवहार उलटा चालतो.

या कायद्याचा कणा म्हणजे परिविक्षा अधिकारी. महाराष्ट्रात तो महिला व बाल विकास विभागाखाली जिल्ह्याला काम करतो. चौदाव्या कलमात त्याची कामे दिली आहेत: आरोपीची परिस्थिती आणि घरचे वातावरण यांची चौकशी करून न्यायालयाला अहवाल देणे, सुटलेल्यांवर देखरेख ठेवणे, भरपाई फेडायला मदत करणे आणि गरज पडेल तिथे त्यांना योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणे. सहा दशकांपूर्वी संसदेने सरकारी अधिकाऱ्याच्या कर्तव्यांत 'काम मिळवून देणे' लिहिले, ही गोष्ट आजच्या वाचकाला नवलाची वाटेल. या अहवालात बाईचे शिक्षण, लग्न, मुले, घराचे उत्पन्न, कर्ज, आजार, पूर्वीची वागणूक, शेजाऱ्यांचे आणि गावातल्या जबाबदार माणसांचे म्हणणे, आणि शेवटी अधिकाऱ्याचे मत असते. दोन-तीन पानांचा हा कागद न्यायाधीशाच्या पुढ्यात असला की समोरची बाई नुसता खटल्याचा क्रमांक राहत नाही. अडचण अशी की 21 वर्षांखालील आरोपींसाठी हा अहवाल मागवणे न्यायालयावर बंधनकारक आहे. त्यावरच्या वयाला 'अहवाल असल्यास' तो विचारात घ्यायचा आहे. अहवाल कुणी मागितलाच नाही तर तो नसतोच. पस्तिशीतल्या, दोन लेकरांच्या बाईसाठी तो मागायचा कुणी?

समुपदेशन म्हटले की अनेकांना मुंबई-पुण्यातली चैन वाटते. महाराष्ट्रातला अनुभव वेगळे सांगतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'प्रयास' या प्रकल्पाने 1990 पासून मुंबईत पोलीस ठाणी, न्यायालये आणि तुरुंग यांच्याशी जोडून घेऊन काम केले आहे. तुरुंगातून सुटणाऱ्या बायकांना राहायला जागा, कागदपत्रे, वकील आणि काम मिळेपर्यंत पाठीशी उभे राहणारे माणूस, अशा साध्या गरजांवर त्यांचा भर आहे. वऱ्हाडातही हे काम झाले आहे. अमरावतीची 'वऱ्हाड' ही संस्था रवींद्र वैद्य यांच्या पुढाकाराने कैदी आणि त्यांच्या मागे राहिलेली बायका-मुले यांच्यासाठी काम करत आली आहे. या दोन्ही ठिकाणच्या कामातून दिसते ते असे की समुपदेशन हे बंद खोलीतल्या मऊ बोलण्यापुरते असेल तर फार टिकत नाही. वसुली कंपनीशी बोलून हप्ता पुढे ढकलून घेणे, रेशनकार्डात नाव घालणे, मारझोड करणाऱ्या नवऱ्याविरुद्ध संरक्षण आदेश मिळवणे, दुकानदाराकडे जाऊन माल भरून देणे, ही सगळी कामे त्यात येतात. मनाच्या दुखण्यासाठी मात्र तज्ज्ञ लागतोच. विचारांची आणि ओढीची साखळी ओळखून तोडायला शिकवणारी वर्तनोपचाराची पद्धत वापरली जाते, आणि काही रुग्णांना औषधाचा उपयोग होतो. 2009 मध्ये अमेरिकेत 25 रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत नाल्ट्रेक्झोन या औषधाने चोरीची ओढ बरीच कमी झाली होती. चाचणी लहान होती, तरी हा विकार उपचाराला दाद देतो एवढे त्यातून दिसले.

शिक्षेऐवजी असे काही केल्याने गुन्हे वाढतात का, याचा चांगला पुरावा अमेरिकेतल्या बोस्टन शहरातून आला आहे. अमांडा ॲगन, जेनिफर डोलिॲक आणि ॲना हार्वे या तीन संशोधकांनी तिथल्या सफोक परगण्यातल्या किरकोळ, अहिंसक गुन्ह्यांची अनेक वर्षांची प्रकरणे तपासली. कुठले प्रकरण कुठल्या सरकारी वकिलाकडे जाईल हे तिथे जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. काही वकील कडक, काही सौम्य. त्यामुळे सारख्याच आरोपींपैकी काहींवर खटला चालला आणि काहींवर नाही, असा नैसर्गिक प्रयोग आपोआप घडला. खटला न चाललेल्यांवर पुढच्या दोन वर्षांत नवा गुन्हा दाखल होण्याची शक्यता 53 टक्क्यांनी कमी निघाली, आणि पहिल्यांदाच पकडल्या गेलेल्यांत हा परिणाम अधिक होता. बोस्टन म्हणजे बाळापूर नव्हे, हे मान्य. पण ज्या वाटेने हा परिणाम होतो ती वाट इकडेही तीच आहे: नोंद लागली की काम मिळत नाही, तारखेला गेले की मजुरी बुडते, आणि 'चोरटी' हे नाव पडले की तसेच वागणे सोपे होऊन बसते. आपल्याकडे तर मी खटलाच चालवू नका असेही म्हणत नाही. खटला चालवा, दोष सिद्ध करा, आणि मग परिविक्षा द्या.

व्यापाऱ्यांचा आक्षेप सर्वांत आधी ऐकला पाहिजे, कारण नुकसान त्यांचे झालेले असते. तालुक्याच्या गावातला दुकानदार म्हणजे मॉलचा मालक नव्हे. दोन-तीन चांगल्या साड्या गेल्या तर त्याचा दिवसाचा नफा जातो, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी तशी गत होऊन दुकानातल्या पोरीच्या पगारातून ती रक्कम कापली जाते. 'यांना समजूत घालून सोडले तर उद्या रांग लागेल' ही त्याची भीती खोटी नाही. पण आजच्या पद्धतीत त्याला काय मिळते? दंड सरकारजमा होतो. साडी मुद्देमाल म्हणून ठाण्यात पडते आणि हाती येईपर्यंत तिची घडी मोडलेली असते. साक्षीसाठी त्याला दुकान सोडून जावे लागते, म्हणून पुष्कळ दुकानदार तक्रारच करत नाहीत, दोन थोबाडीत मारून हाकलून देतात. परिविक्षेत भरपाईचा आदेश त्याच्या नावाने निघतो आणि ती हप्त्याने का होईना फेडली जाते की नाही हे बघायला एक अधिकारी असतो. बंधपत्राच्या अटी मोडल्या तर न्यायालय तिला परत बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते. याला मोकाट सोडणे कसे म्हणणार? दंड भरून त्याच दिवशी घरी गेलेल्या बाईवर पुढे कुणाचेच लक्ष नसते. खरी मोकाट ती आहे.

दुसरा आक्षेप टोळ्यांचा. यात्रेत, बसस्थानकावर ठरवून काम करणाऱ्या बायकांच्या टोळ्या असतात, त्यांना समुपदेशन काय करणार? ज्यांचा तो धंदा आहे, ज्यांना पूर्वी शिक्षा झाली आहे, त्यांना समज देऊन सोडण्याची सवलत कायदाच देत नाही. दुसऱ्यांदा चोरीत दोषी ठरलेल्याला नव्या संहितेत किमान एक वर्षाची सक्तमजुरी आहे. पण पहिला अहवाल नीट झाला तरच टोळीतली सूत्रधार कोण आणि धाकाने ओढलेली सून कोण, हे कळते. इथे एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. 'टोळी' हा शब्द आपल्याकडे फार लवकर जातीवर जाऊन बसतो. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः चोर ठरवले होते. 31 ऑगस्ट 1952 ला तो रद्द झाला, तरी अकोला-अमरावतीत फासेपारधी बाई बाजारात दिसली की नजरा तिच्यामागे फिरतात. 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातला जातिभेद घटनाबाह्य ठरवताना विमुक्त जमातींकडे पाहण्याच्या या दृष्टीवरही बोट ठेवले. याच समाजातून आलेल्या मतीन भोसले यांनी अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला फासेपारध्यांच्या मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' आश्रमशाळा उभी केली. पुनर्वसन कुठून सुरू व्हायला हवे याचे ते उत्तर आहे: पोरांना शाळा, आयांना काम, आणि संशयापासून सुटका. परिविक्षा अहवालात जात हा रकाना असला तरी ते कारण नव्हे, हे लिहिणाऱ्याच्या मनात पक्के असायला हवे.

मग हे बायकांसाठीच का? परिविक्षा कायदा स्त्री-पुरुष दोघांनाही आहे आणि पुरुषांनाही तो तितकाच मिळावा. दुकानचोरी ही बायकांचीच खोड आहे हा समजही चुकीचा. अमेरिकेत सुमारे 43 हजार प्रौढांच्या पाहणीवर 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 11.3 टक्के लोकांनी आयुष्यात कधीतरी दुकानचोरी केल्याचे सांगितले, आणि त्यांत पुरुष अधिक होते; शिकलेल्या आणि बऱ्या मिळकतीच्या लोकांतही प्रमाण जास्त होते. बायकांचा वेगळा विचार करायचा तो परिणामांमुळे. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते आणि त्यांत बायका 23,772, म्हणजे शंभरात चारच्या आसपास. संख्या कमी म्हणून त्यांच्यासाठी सोयीही कमी. बाई आत गेली की सहा वर्षांखालचे मूल तिच्याबरोबर तुरुंगात जाऊ शकते आणि त्याहून मोठे कुणाच्या तरी पडवीत राहते. पुरुष कैद्याला घरून भेटायला येतात. बाईला भेटायला येणारे फार थोडे, आणि सुटल्यावर सासर-माहेर दोन्हीकडे दारे बंद असतात. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठड्यांतल्या बायकांची अवस्था सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली आणि 1983 मध्ये महिला आरोपींना कायदेशीर मदत देण्याचे निर्देश महाराष्ट्रालाच मिळाले. पुढे 1987 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर समितीने महिला कैद्यांवर अहवाल दिला. 2010 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी बँकॉक नियम स्वीकारले, त्यांत तर बायकांसाठी तुरुंगाबाहेरच्या उपायांना अग्रक्रम द्या असे स्पष्ट सांगितले आहे. कागदांची कमतरता कधीच नव्हती.

बाळापूरसारख्या तालुक्यात हे करायला नवी इमारत लागत नाही. महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे, आणि त्यासाठी तालुका विधी सेवा समिती आहे. जिल्ह्याला परिविक्षा अधिकारी आहे. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग आहे. 1984 मध्ये मुंबईत सुरू होऊन राज्यभर पसरलेले महिला सहाय्य कक्ष आहेत, जिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात. त्या आज फक्त पीडित बायकांसाठी आहेत; पण ज्या बाईला मारून चोरी करायला पाठवले जाते ती पीडित नाही असे कुणी म्हणेल काय? बचत गटांचे 'उमेद'चे जाळे गावोगाव आहे आणि हप्त्यांचा गुंता सोडवायला त्यातल्या हिशेब जाणणाऱ्या बायकांहून योग्य कोण? हे सगळे लोक एकमेकांना ओळखतही नाहीत, त्यांना जोडणारा एक कागद हवा, आणि तो कागद म्हणजे परिविक्षा अहवाल. जिल्ह्याचा एक अधिकारी सगळ्या तालुक्यांच्या न्यायालयांना पुरणार नाही, बालकांच्या प्रकरणांचा भारही त्याच्यावर असतो, हे खरेच. म्हणून किमान दोन तालुक्यांमागे एक परिविक्षा अधिकारी, तोही शक्यतो महिला, ही मागणी शासनाकडे लावून धरावी लागेल.

तोवर एक गोष्ट आजही करता येते, आणि ती वकिलांच्या हातात आहे. तालुका न्यायालयांत काम करणाऱ्या, विशेषतः विधी सेवा समितीच्या यादीवर असलेल्या वकिलांना माझी विनंती आहे: अशा बाईचे वकीलपत्र घेतले की कबुलीजबाबाचा सल्ला देण्याआधी तिच्याशी अर्धा तास बोला, 303 च्या जागी 305 लागले असेल तर मालाची किंमत आणि जागा नीट दाखवून द्या, आणि 1958 च्या कायद्याच्या चौथ्या कलमाखाली परिविक्षा अहवाल मागवण्याचा लेखी अर्ज द्या. अर्ज एका पानाचा असतो. आणि ज्यांच्या घरात, शेजारात असे काही घडले आहे, त्यांनी बाईचा व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी दोन क्रमांक लक्षात ठेवावेत. मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100, आणि मनाच्या दुखण्यासाठी टेलिमानसचा 14416. दोन्ही निःशुल्क आहेत.